विदर्भाच्या उन्हात अमेरिकन मसल कार: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

१९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट ल मान्स गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि जीटीओ विकायला काढली. मध्यम गाडीत मोठं, ताकदवान इंजिन, हीच मसल कार. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लायमथ सगळेच या शर्यतीत उतरले आणि १९७२ च्या आसपास कडक होत गेलेले प्रदूषणाचे नियम आणि वाढलेले विम्याचे हप्ते यांनी हा खेळ जवळजवळ संपवला. जेमतेम आठ-नऊ वर्षांचा हा काळ. त्यातल्या बऱ्याच गाड्या तरुण पोरांनी पळवून, ठोकून, इंजिन उचकटून संपवल्या. म्हणून उरलेल्यांची किंमत. काही तर मुळातच मोजक्या बनल्या: अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं ४२७ घनइंची इंजिन असलेली १९६९ ची झेडएल१ कमॅरो फक्त ६९. ४२६ हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनाची १९७० ची प्लायमथ कुडा ६६६, त्यातही उघड्या टपाच्या फक्त १४.

शौकिनांना वेड लावणारी गोष्ट मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. या इंजिनाला मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवरच प्रचंड ओढ असते, आणि ते सगळं उघडं, डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं यंत्र आहे. एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, आठ सिलिंडर. ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं. वणी, दारव्हा, हिंगणघाट, खामगाव अशा गावांतले मिस्त्री ही गाडी चालू करू शकतील यात शंका नाही. धोका दुसऱ्याच बाजूनं आहे. आपल्याकडचा हात कुठलीही वस्तू 'नवी' करून देण्यात वाकबगार आहे, आणि दुर्मीळ मसल कारमध्ये नको तिथे केलेलं नवं काम म्हणजे कायमचं नुकसान. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी दोन्ही सांगितलं आहे. यातलं बरंचसं जुन्या इम्पाला, डॉज, प्लायमथ अशा व्ही-८ गाड्यांनाही लागू पडतं.

आधी नंबर वाचा, मग पाना उचला

गाडी वाड्यात किंवा शेडात येऊन उभी राहिली, की पहिले दोन दिवस काहीही खोलू नका. टॉर्च, छोटा आरसा, मऊ ब्रश आणि मोबाइलचा कॅमेरा एवढंच घ्या आणि जिथे जिथे आकडा किंवा अक्षर दिसेल तिथले फोटो काढा. १९६८ पासूनच्या गाड्यांत चासी नंबरची पट्टी डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून दिसेल अशी असते. त्या नंबरात कंपनीनुसार कमी-जास्त माहिती दडलेली असते.

फोर्डमध्ये पाचवं अक्षर इंजिन सांगतं. मस्टँगमध्ये 'के' म्हणजे २८९ चं २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन (१९६५ ते ६७), 'झेड' म्हणजे बॉस ४२९, १९६९-७० मध्ये 'जी' म्हणजे बॉस ३०२, आणि 'आर' म्हणजे रॅम एअर असलेलं ४२८ कोब्रा जेट. डॉज-प्लायमथमध्येही पाचवी जागाच बघायची. १९७०-७१ मध्ये तिथे 'आर' असेल तर कारखान्यातून ४२६ हेमी आलेलं होतं, 'व्ही' असेल तर तीन कार्ब्युरेटरचं ४४०. त्या जागी दुसरं अक्षर आणि बॉनेटखाली हेमी, असं दिसलं तर इंजिन नंतर बसवलेलं आहे. गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत वेगळी ठरते.

जीटीओ १९६४-६५ मध्ये नुसता ऑप्शन होती, त्यामुळे तिचा नंबर ल मान्सचाच असतो आणि त्यावरून ती खरी की साधी ल मान्स ते कळत नाही. १९६६ पासून नंबर २४२ ने सुरू होतो आणि काम सोपं होतं. सगळ्यात अवघड शेव्हरोले. १९७० च्या शेव्हेलच्या चासी नंबरात एसएसचा, म्हणजे 'सुपर स्पोर्ट' या जोरदार आवृत्तीचा, मागमूस नाही. १३६३७० एवढ्यावरून कळतं ते इतकंच: शेव्हरोले, व्ही-८ मालिबू, दोन दारांची, सन १९७०. त्या वर्षीच्या ४५० अश्वशक्तीच्या एलएस६ गाड्या आणि नंतर चिन्हं चिकटवून केलेल्या गाड्या यांतला फरक कागदावर आणि इंजिनावरच्या ठशांवर ठरतो.

हा कागद म्हणजे कारखान्यातली बिल्ड शीट, त्या गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी. तो कुठे सापडतो? बऱ्याचदा पेट्रोल टाकीच्या वरच्या अंगाला चिकटलेला किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला. इथेच आपल्याकडे घात होतो. टाकी साफ करणारा आणि सीट शिवणारा, दोघेही तो मळका कागद आधी फेकतात. म्हणून टाकी उतरवताना आणि सीटचं जुनं कापड फाडताना स्वतः समोर उभं राहा. कागद सापडला तर ओढू नका, उलगडू नका. सीटला चिकटलेला असेल तर स्प्रिंगांसकट फोटो काढा, मग धार नसलेल्या पातळ पट्टीनं सुटा करा आणि दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा.

पेंटरलाही असंच आधी सांगावं लागतं. डॉज-प्लायमथच्या डाव्या आतल्या मडगार्डवर छोटी पत्र्याची पट्टी असते, शेव्हरोलेच्या फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) तशीच पट्टी, ट्रिम टॅग, असते. या पट्ट्या काढून रंग मारायचा नाही, झाकून मारायचा. रिव्हेट बदलली की जाणकार खरेदीदार तिथेच थांबतो, आणि चासी नंबरच्या पट्टीशी छेडछाड तर कायद्यातही बसत नाही.

फेस मारू देऊ नका

या लेखातली सगळ्यात महाग चूक हीच. शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये इंजिनाचा कोड आणि चासी नंबरचा भाग उजव्या हेडच्या पुढच्या टोकासमोर, ब्लॉकवरच्या छोट्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. ही जागा आणि हेड जिथे बसतं तो पृष्ठभाग एकाच पातळीत असतात. बोअरिंगला ब्लॉक दिला, की इंजिनिअरिंग वर्क्सवाला सवयीनं वरून फेस मारतो, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करतो. मशीन एकदा फिरली, की नंबर गेला. मग कितीही खरी गाडी असली तरी ती 'नंबर जुळत नाहीत' या रांगेत जाऊन बसते.

म्हणून ब्लॉक देताना तोंडी सांगून भागत नाही. त्या जागेवर पट्टी चिकटवा, त्यावर रंगानं फुली मारा आणि कामाच्या चिठ्ठीत लिहून घ्या: 'ब्लॉकला फेस नाही, फक्त बोअर.' ब्लॉक खरंच वाकला आहे का हे आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजनं तपासा. सहा इंच लांबीत तीन थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी फरक असेल, तर चांगल्या गॅस्केटवर काम होतं. फरक जास्त असेल आणि गाडी खरंच दुर्मीळ असेल, तर ती जागा सोडून बाकीचा पृष्ठभाग कापणारा माणूस शोधा. नागपूरला किंवा त्याहून लांब जावं लागलं तरी जा.

त्या जागेवर गाडीच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या अगदी बारीक समांतर रेघा असतात, मूळ यंत्रकामाच्या. नंबर खोटा ठोकणारा आधी जुना घासून काढतो आणि त्यात या रेघा जातात. तेव्हा साफ करतानाही पॉलिश पेपर लावू नका. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पुरे.

ओतीव भागांवर तारीखही असते. शेव्हरोलेमध्ये 'ए' ते 'एल' ही बारा महिन्यांची अक्षरं, पुढे दिवस, शेवटी वर्षाचा एक आकडा. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा. गाडी फेब्रुवारीत बनली आणि ब्लॉक मार्चचा, तर तो मूळचा नाही.

इंची पाने

साधी गोष्ट, पण अर्ध्या गाड्या इथेच खराब होतात. सगळे बोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतो आणि कोपरे गोल करतो. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ चढत नाही आणि १५ सैल होतो. ५/८ ला १६ आणि ३/४ ला १९ जवळजवळ चालतो, पण गंजलेल्या बोल्टवर तोही वापरू नका. ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ हे पाच पाने आणि सॉकेट एवढ्यात बहुतेक काम होतं. जुन्या मॅसी ट्रॅक्टरचं किंवा विलीस बनावटीच्या जीपचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे इंची पेटी असतेच. आट्यांचंही तसंच: इथे जाड आणि बारीक असे दोन इंची प्रकार आहेत. मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे आत जातो आणि ओतीव लोखंडातले आटे खाऊन टाकतो. हाताने चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावायचाच नाही.

बंद पडलेलं इंजिन जागं करताना

बॅटरी जोडून किल्ली फिरवणं हा मोह टाळा. आठही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब दांड्याचा सॉकेट लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका. उलट थोडं फिरवा, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबा. बहुधा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो आणि जोर केला की पुशरॉड वाकतो.

फिरायला लागलं, की चालू करण्याआधी ऑइल वर चढवा. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ऑइल पंप ड्रिल मशीननं फिरवायचा. शेव्हरोलेमध्ये घड्याळाच्या दिशेनं, फोर्डच्या २८९-३०२ मध्ये उलट. शेव्हरोलेची एक अडचण माहीत हवी: तिथे डिस्ट्रिब्युटरचं अंगच ऑइलच्या वाटेचा एक भाग बंद करतं. नुसता गज घालून फिरवलं तर ऑइल तिथूनच निसटतं, एका बाजूच्या रॉकरपर्यंत पोचत नाही. म्हणून तयार अवजार घ्या, किंवा भंगारातल्या डिस्ट्रिब्युटरचं गिअर काढून तो वापरा. प्रत्येक रॉकरवर ऑइल झिरपताना दिसेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये मध्ये क्रँक पाव फेरा फिरवत राहा.

नंतर कॉम्प्रेशन. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दणके. आकडा किती आला यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यात कमी सिलिंडर हा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. प्लगच्या वायरी लावताना फायरिंग ऑर्डर बघा. शेव्हरोले, पॉन्टिअ‍ॅक आणि डॉज-प्लायमथच्या व्ही-८ मध्ये १-८-४-३-६-५-७-२, फोर्ड २८९ आणि त्या काळच्या ३०२ मध्ये १-५-४-२-६-३-७-८, आणि फोर्ड ३५१ मध्ये १-३-७-२-६-५-४-८. सिलिंडरचे नंबरही कंपनीप्रमाणे वेगळे आहेत: फोर्डमध्ये उजवी रांग १ ते ४ आणि डावी ५ ते ८, शेव्हरोलेत डावीकडे विषम आणि उजवीकडे सम. उजवी-डावी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायची, समोर उभं राहून नाही.

एप्रिल ते जून

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५-४६ च्या वर जातो तेव्हा बॉनेटखालची हवा आधीच तापलेली असते. या गाड्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातही चालत होत्या, तेव्हा त्या इथे चालणारच नाहीत असं नाही. पण त्यांचं पाणी, हवा आणि टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) तिन्ही नेमकं लागतं.

आधी लक्षणावरून बाजू ठरवा. उभ्या गाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर दोष हवेचा किंवा टायमिंगचा. उलट ताशी ८० वर तापत जाते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा: रेडिएटर तुंबलेला, पंप झिजलेला किंवा खालचा पाइप चिंबत असलेला. खालच्या रबरी पाइपात आतून तारेची स्प्रिंग असावी लागते. ती गंजून गेली, की पंपाच्या ओढीनं पाइप चपटा होतो आणि इंजिन थांबवून बघितलं तर पुन्हा गोल दिसतो. यात लोक आठवडे घालवतात. इंजिन गरम असताना दुसऱ्याला हळूहळू रेस द्यायला सांगा आणि पाइपाकडे बघत राहा. हात लांब, पंखा फिरतोय.

पंख्याचं झाकण म्हणजे श्राउड मागच्या मालकानं काढून टाकलेलं असेल तर आधी तेच बसवा. पाती निम्मी झाकणाच्या आत, निम्मी बाहेर, आणि रेडिएटरपासून साधारण इंचभर. झाकण नसेल तर पंखा इंजिनाभोवतीचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे प्रत्येक चौकात मिळतो. ऐकू नका. रेडिएटरची ताकद कमी असेल तर थर्मोस्टॅट काढूनही तापमान काही मिनिटांनी तिथेच पोचतं. फरक इतकाच, की अडथळा गेल्यामुळे ब्लॉकमधला दाब घटतो, हेडमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात, आणि डिसेंबर-जानेवारीत इंजिन कधीच नीट गरम होत नाही, ऑइलात चिखल साचतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ठेवा आणि बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून तो खरंच उघडतो का बघा.

रेडिएटरचं झाकण १५ पीएसआय दाबाचं. एका पीएसआयला उकळबिंदू सुमारे १.६ अंशांनी वर जातो, म्हणजे १५ ला साधं पाणीदेखील १२० च्या पुढे उकळतं. त्याहून जड झाकण लावलं तर जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे उकलतात.

पाणी कुठलं, यावर विदर्भात फार काही अवलंबून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे, इतरत्रही बहुतेक बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच ब्लॉकच्या आत, मागच्या दोन सिलिंडरभोवती बसतो, आणि तिथली उष्णता पाण्यात उतरतच नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट ३५ टक्के पुरे. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, आणि पाणी जास्त असेल तर उष्णता जास्त वाहून नेतं. दर दोन वर्षांनी बदला. भरण्याआधी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढा. पाणी आलं नाही तर आत गाळ भरला आहे, तारेनं टोकरून काढा. नुसता रेडिएटरचा नळ उघडून अर्धंही पाणी निघत नाही.

रेडिएटरच्या पाकळ्यांत कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि पाखरं अडकतात. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, मंद धारेनं धुवा. गाडी धुण्याच्या जोरदार पंपानं पाकळ्या वाकतात. आतून तुंबलाय का हे बघायला लेझर थर्मामीटर गरम रेडिएटरवरून फिरवा. तापमान सावकाश उतरलं पाहिजे, मध्येच थंड पट्टा आला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटर दुर्मीळ आणि शिक्क्याचा असेल, तर वरच्या-खालच्या मूळ टाक्या ठेवून फक्त मधला गाभा बदलून घ्या.

टायमिंगचा भाग बहुतेक लोक विसरतात. आयडलला स्पार्क उशिरा पडला तर जळण एक्झॉस्टपर्यंत चालू राहतं आणि हेड तापतात. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरच्या वरच्या, थ्रॉटल उघडल्यावरच ओढ देणाऱ्या तोंडाला असेल, तर ती मॅनिफोल्डच्या सतत ओढ देणाऱ्या तोंडाला लावून बघा. नुसत्या एवढ्यानं आयडलचं तापमान बऱ्याचदा चांगलंच उतरतं. यांत्रिक अ‍ॅडव्हान्स धरून एकूण टायमिंग ३,००० फेऱ्यांवर ३४ ते ३६ अंश असावं, नळी काढून मोजलेलं. मात्र मोजण्याआधी क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरची खूण खरी आहे का बघा. त्याचं बाहेरचं कडं रबरावर बसलेलं असतं आणि पन्नास वर्षांत ते सरकतं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा ठोकळा लावून दोन्ही दिशांनी क्रँक फिरवा. दोन खुणांच्या मधोमध खरा शून्य.

आजचं पेट्रोल

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. या गाड्यांच्या काळात त्यात शिसं होतं, इथेनॉल नव्हतं. त्यातून तीन वेगवेगळे त्रास होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला, रबर. जुनी नळी आतून फुगते, सुटते, आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकतं. गाडी पेटण्याचं हे सरळ कारण आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक रबरी तुकडा बदला आणि नळीवर '३०आर९' छापलेलं असेल तीच घ्या. पंपाचा पडदा, फ्लोटची सुई, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा कप हेही इथेनॉल सोसणारे हवेत. टाकीला आतून शिसं-कथलाचा मुलामा असतो. तो सुटू लागला की फिल्टर वारंवार भरतो, म्हणून सुरुवातीचे ५०० किलोमीटर दोन जादा फिल्टर गाडीत ठेवा.

दुसरा, मिश्रण पातळ होणं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. जेट तेच ठेवलं तर इंजिन उपाशी चालतं: रेस देताना अडखळतं, तापतं. होली कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये मुख्य जेट तीन-चार नंबरांनी मोठा करून सुरुवात करा. आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग फसवतो, म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड मीटर लावून पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं) ०.८५ ते ०.९ येईल असं जमवा. काढलेले मूळ जेट डबीत घालून, नाव लिहून जपा.

तिसरा त्रास उन्हाळ्यात सगळ्यांना भेटतो. गरम गाडी दहा मिनिटं बंद केली, की पुन्हा सुरू होत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. अशा वेळी पाय मारत बसू नका. पेडल पूर्ण दाबून तसंच धरा आणि स्टार्टर फिरवा. कायमचा उपाय कार्ब्युरेटरखाली अर्ध्या इंचाचा फिनॉलिक ठोकळा. त्याहून मोठा उपाय फुकटात आहे: इनटेक मॅनिफोल्डखालून एक्झॉस्टचा गरम वायू नेणारी वाट असते, थंड देशात पेट्रोल लवकर वाफवायला केलेली. विदर्भात तिचं काही काम नाही. पुढच्या वेळी गॅस्केट बदलताना ती वाट बंद करणारं गॅस्केट घाला. चोक जरा उशिरा उघडेल, त्याचं तेवढं सेटिंग करावं लागतं. विजेचा पंप लावायचाच झाला तर मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीखाली लावा, दाब ५-६ पीएसआय, आणि ऑइलचा दाब गेल्यावर पंप थांबवणारा स्विच घाला. बॉनेटखाली लावलेला पंप आधीच वाफ झालेलं पेट्रोल ओढू शकत नाही.

शिसं गेल्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट झिजतात हे खरं, पण सतत जोरात पळवल्यावर. महिन्याला पन्नास-शंभर किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे हेड निव्वळ त्यासाठी खोलू नका. दुसऱ्या कामासाठी खोललेच, तर फक्त एक्झॉस्टच्या कडक सीट बसवा, आणि त्याही अनुभवी माणसाकडून. काही हेडमध्ये सीटमागे धातू पातळ असतो आणि खोल कापलं की पाण्याच्या कप्प्यात भोक पडतं.

ऑक्टेनबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी पंपावरचा ९१ आणि आपला ९१ एक नाही. त्यांची मोजणी वेगळी, त्यांचा ९१ आपल्या ९५-९६ च्या आसपास येतो. १०.५ किंवा ११ कॉम्प्रेशनच्या इंजिनात चढावर टकटक ऐकू आली, तर टायमिंग दोन-दोन अंशांनी मागे घ्या. चारच्या पुढे जाऊ नका, नाहीतर वर सांगितलेला ताप परत येतो.

ऑइल, ब्रेक, टायर

या इंजिनांचे टॅपेट सपाट तळाचे असतात आणि कॅमवर घासत चालतात. त्यांना जस्तयुक्त ऑइल लागतं, १,००० ते १,२०० पीपीएमचं. नव्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलात जस्ताबरोबरच येणाऱ्या फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएम आहे, आणि तेच भरलं तर कॅमचे उंचवटे काही महिन्यांत सपाट होऊ शकतात. २०डब्ल्यू-५० या ग्रेडला ती मर्यादा नाही आणि आपल्या हवेला तोच बरा, तरी डब्यामागचा तक्ता बघून घ्या. शेव्हरोले ३५० आणि फोर्ड ३०२ ला फिल्टरसह सुमारे ४.७ लिटर. नवा कॅम टाकला असेल तर पहिली वीस मिनिटं इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांवरच. आयडलला आणाल तर नवा कॅम त्याच दिवशी जातो.

ब्रेक बहुधा ड्रमचे आणि १९६७ च्या आधी मास्टर सिलिंडर एकेरी. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. इथे मूळपणाचा हट्ट सोडून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा, जुना जपून ठेवा. ई७०-१४ टायरच्या जागी २०५/७०आर१४, एफ७०-१४ च्या जागी २१५/७०आर१४ बसतो. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षांपेक्षा जुना टायर इथल्या डांबरावर नको. टायरवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष.

पावसाळा आणि शेड

काळी माती या गाड्यांची खरी वैरी. ती मडगार्डच्या आत, चासीच्या खोबणीत लिंपली जाते, वरून वाळलेली दिसते आणि आतून आठवडाभर ओली राहते. पत्रा आतून सडतो. पावसाळी रस्त्यावरून आल्यावर त्याच दिवशी खालून धुवा आणि दाराखालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं काडीनं मोकळी करा. पुटीखाली काय आहे हे बघायला फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही किंवा पुटी जाड आहे.

गाडी गोठ्याशेजारी ठेवू नका आणि युरिया-डीएपीच्या गोण्यांच्या शेडात तर अजिबात नको. शेण-गोमूत्रातला अमोनिया पितळ आणि क्रोम खातो, खताची धूळ दमट हवेत पत्र्यावर मीठ फासल्यासारखी काम करते. टाकी जूनआधी काठोकाठ भरा. अर्ध्या टाकीतली दमट हवा इथेनॉलमध्ये पाणी सोडते, ते पाणी तळाशी वेगळं होतं आणि तिथूनच पेट्रोल ओढलं जातं. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उचला, बॅटरीची तार सोडा.

सोयाबीन निघाल्यावर शेतातले उंदीर शेडात येतात. एअर क्लिनरच्या तोंडाला आणि एक्झॉस्टच्या टोकाला पाव इंची जाळी बांधा आणि त्या जाळ्यांची चिठ्ठी स्टिअरिंगला लटकवा, म्हणजे चालू करताना विसरणार नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करणं वाईट: ऑइलातलं पाणी उडत नाही, सायलेन्सरमध्ये साचतं. तीन आठवड्यांनी एकदा, पण अर्धा तास रस्त्यावर, ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत. तेवढं जमत नसेल तर चार महिने हातच लावू नका.

कागद

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते. राज्याच्या कोडनंतर 'व्हीए', मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा तिचा नंबर असतो. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी, परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. ही नोंदणी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठीच चालते, रोजच्या वापराला किंवा लग्नाच्या भाड्याला नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर नोंदणी नाकारली जाते, तेव्हा बदललेला प्रत्येक मूळ भाग पेटीत हजर असलेला बरा. स्टिअरिंग डावीकडे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारा देणारं साधन लागतं. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांत मागचे इंडिकेटर बऱ्याचदा ब्रेकच्याच लाल दिव्यात असतात, त्यामुळे तपासणीला नेण्याआधी मागच्या बंपरखाली छोटे पिवळे दिवे कंसावर बसवा, पत्र्याला भोक न पाडता.